पुलाचे पाच रोल

"माझी पिशवी कुठाय?"

फोटोग्राफरचा आवाज एवढा चढला, की विमानतळावरची सुरक्षा तपासणी उरकून बाकावर बसून बूट घालणारी माणसं लेस हातात धरून तशीच थबकली.

सरकत्या पट्ट्यावरून त्याचं बाकी सगळं सामान सुखरूप बाहेर आलं होतं. कॅमेरे, लेन्स, फ्लॅश, बॅटऱ्या, सगळं वेगवेगळ्या ट्रेमध्ये मांडून. नव्हती ती फक्त काळ्या कापडाची एक छोटी पिशवी. आणि ते सगळं सामान जिच्यावरून ओवाळून टाकावं, अशी ती पिशवी होती.

धाकटा भाऊ रुमालाला ओले हात पुसत धावत आला. "काय झालं, दादा?"

"रोल गेले, बाबू. पुलाचे रोल."

मागच्या महिन्यात नदीवरचा पूल भर दुपारी कोसळला होता आणि एक भरलेली बस पाण्यात गेली होती. त्या पुलाचे फोटो फोटोग्राफरने कितीतरी आधी काढून ठेवले होते, खांबाला पडलेल्या भेगेसकट. त्याच्या जुन्या कॅमेऱ्यात प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात तारीख उमटायची. चौकशी समितीने निरोप धाडला होता: रोल धुऊ नका, जसे आहेत तसे आणा, आमच्यासमोर धुवायचे. कुणाला शंका घ्यायला जागाच नको.

उद्या दोघे भाऊ मिळून साक्ष देणार होते. धाकटा पूल विभागातच नोकरीला. भेग दिसली तेव्हा फोटोग्राफरने सगळ्यात आधी त्यालाच तिथे नेलं होतं. "दादा, मी वर लेखी कळवलंय," असं त्याने लगेच सांगितलंही होतं. वरच्यांनी कानाडोळा केला आणि माणसं मेली, हे त्या दोघांना उघड सांगायचं होतं.

सुरक्षा अधिकारी आला. अंगाने आडवा, बोलण्यात शांत. त्याने दोघांना काचेच्या केबिनमध्ये बसवलं.

"पिशवी यंत्रात घातली होती का?"

"नाही. यंत्रातल्या किरणांनी फिल्म खराब होऊ शकते. म्हणून मीच म्हटलं, हाताने तपासा."

"तपासताना तुम्ही समोर होता?"

"नव्हतो. माझ्या गुडघ्यात सळई आहे. तपासणीच्या दारातून गेलो की ते बोंबलायला लागतं. मला पडद्याआड नेलं."

"मग पिशवीजवळ कोण होतं?"

"मी होतो," धाकटा म्हणाला. "दादानेच सांगितलं होतं थांबायला. पण तपासणी झाली, बाईंनी पिशवी ट्रेमध्ये ठेवली, म्हटलं आता काय व्हायचंय. क्षणभर हात धुवायला गेलो. तिथेच चुकलो."

त्याचा चेहरा इतका पडला होता, की फोटोग्राफरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझी काय चूक त्यात?"

पिशवी तपासणाऱ्या बाईला बोलावलं. नोकरीत नवी असावी. गणवेशाची घडीही अजून मोडली नव्हती.

"काय काय केलंत, सांगा."

"पिशवी उघडली, साहेब. पाच रोल होते. एकेक हातात घेतला. बाहेर आलेलं फिल्मचं टोक आणि डबी पट्टीने पुसली, पट्टी यंत्रात घातली. स्फोटकं वगैरे काही निघालं नाही. रोल परत पिशवीत, पिशवी ट्रेमध्ये. मग पुढचा प्रवासी."

"ट्रेमधून कुणी उचलली?"

"नाही पाहिलं, साहेब."

"वस्तू तुमच्या टेबलावरून गेलीय. उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल."

बाईच्या डोळ्यांत पाणी तरळलं, पण मान खाली गेली नाही. "मी उचलली नाही, साहेब. माझे खिसे बघा."

धाकटा मध्येच म्हणाला, "दादा, तो निळ्या शर्टवाला आठवतो का? गाडीतून उतरल्यापासून आपल्या मागेमागे होता. पुलाच्या ठेकेदाराची माणसं कुठल्याही थराला जातील."

निळ्या शर्टवाल्याला विमानाच्या रांगेतून उचलून आणलं. त्याच्या बॅगेत चष्म्याच्या फ्रेमचे नमुने निघाले. शेकड्यांनी. तो जाम वैतागला. "माझं विमान चुकलं तर काय तुम्ही पाठीवर बसवून नेणार? सगळे ह्याच दारातून येतात, म्हणून मागे होतो!"

त्याला सोडून द्यावं लागलं.

विमानात बसण्याची सूचना झाली. फोटोग्राफर डोकं धरून बसला होता. रोल गेले म्हणजे साक्ष गेली. नुसत्या तोंडी बोलण्याला कोण विचारतो? उलट बाबूच अडकायचा. 'तुम्हाला माहीत होतं, मग गप्प का बसलात?' असं त्यालाच विचारतील. ज्याने कळवलं त्याच्याच गळ्यात धोंड.

"मॅडम," तो एकाएकी म्हणाला, "रोल कसे पुसलेत, ते परत सांगता?"

"सांगितलं ना. फिल्मचं टोक बाहेर लोंबत होतं, तिथे पट्टी फिरवली."

"सगळ्या रोलांचं?"

"हो. पाचही."

"नक्की?"

"एक टोक माझ्या बांगडीत अडकलं होतं. अजून कसं नक्की सांगू?"

फोटोग्राफरने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्याने मान वळवून भावाकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"साहेब, सामान यंत्रातून जातं तेव्हा पडद्यावर त्याचं चित्र दिसतं. ते जपून ठेवता का?"

"ठेवतो."

"मला एका बॅगेचं चित्र बघायचंय. माझ्या नाही. ह्याच्या."

"दादा?" धाकटा हसल्यासारखं करत म्हणाला. "डोकं ठिकाणावर आहे ना?"

"नसलं तर बरं होईल, बाबू. माफी मागेन तुझी."

चित्र पडद्यावर आलं. दाढीचं सामान, चार्जर, चपला. एका कोपऱ्यात मोज्याची पुसट आकृती आणि तिच्यात ओळीने बसलेल्या पाच आखूड, गडद नळ्या. आयुष्यभर निगेटिव्ह वाचलेल्या माणसाला त्या नळ्या कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

अधिकाऱ्याने बॅग उघडली. मोजा उलटा केला. पाच रोल टेबलावर घरंगळले. एकाचंही टोक बाहेर नव्हतं.

"मला समजेल असं सांगा," अधिकारी म्हणाला.

"सोपं आहे," फोटोग्राफर म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटत होता. "कोऱ्या रोलमधून फिल्मचं टोक बाहेर असतं, कॅमेऱ्यात अडकवायला. फोटो काढून संपले, की मी फिल्म पूर्ण आत गुंडाळतो, टोकासकट. माझे रोल तसेच होते. सकाळी मी ते स्वतः पिशवीत ठेवले. मॅडमच्या हातात आले ते टोक असलेले. म्हणजे कोरे. म्हणजे अदलाबदल ह्यांच्या टेबलावर नाही, त्याआधीच झाली. आणि त्याआधी पिशवी माझ्याशिवाय एकाच माणसाच्या हातात होती. खाली तिकिटाच्या खिडकीवरची माणसं माझ्या कॅमेऱ्याचा ट्रायपॉड विमानात नेऊ देत नव्हती. मी हुज्जत घालत होतो, तेवढा वेळ पिशवी बाबूने धरली होती."

"कोरे रोल?"

"माझ्या कपाटातले. घरच्या माणसाला कोण हटकतो?"

"पण रोल बदलले होते, तर पिशवी गायब कशाला करायची?"

"कारण मी ती उघडली असती, तर टोकं बघून त्याच क्षणी ओळखलं असतं. आणि आरोप एकट्या ह्याच्यावर आला असता. इथे दहा हात लागतात. इथे गेली, की तुम्ही ह्या बाईंना धरणार, मी निळ्या शर्टाला धरणार. मी पडद्याआड गेलो तेव्हा ह्याने ती ट्रेमधून उचलली. हात धुवायला गेला होता ना, तिथली कचऱ्याची टोपली बघा."

एक शिपाई गेला आणि काळी पिशवी घेऊन परत आला. आत पाच कोरे रोल, टोकं बाहेर.

तपासणाऱ्या बाईने भिंतीला पाठ टेकली आणि एक लांब श्वास सोडला.

"आता माझाच एक प्रश्न उरला," फोटोग्राफर म्हणाला. "हे रोल तुझ्या बाजूने बोलणार होते, बाबू. त्यात तुझाही फोटो आहे. भेग किती मोठी ते कळावं म्हणून मीच तुला तिच्यात हात घालून उभा केला होता. तू भेग पाहिलीस, तू वर कळवलंस, हे त्या फोटोवरून शाबीत झालं असतं. मग तो फोटो तुला का नको झाला?"

धाकटा टेबलावरचा मोजा गुंडाळत राहिला.

फोटोग्राफर वाट पाहत राहिला, आणि वाट पाहता पाहता उत्तर त्याच्या ध्यानात आलं. त्याने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"तू कळवलंच नव्हतंस."

"दादा..."

"हो की नाही, एवढंच सांग."

"तपासणी माझ्याकडेच होती," धाकटा पुटपुटला. "मी वर्षभर पुलावर न जाताच 'सगळं ठीक' कळवत होतो. मग तू भेग दाखवलीस. तेव्हा खरं सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. वाटलं, दुरुस्ती निघणारच आहे, तेवढे दिवस पूल टिकेल. समितीपुढे म्हणणार होतो, तू मला भेग दाखवलीच नाहीस. फोटो नसता, तर कुणी काय केलं असतं?"

"म्हणजे मला खोटं पाडणार होतास. उद्या. माझ्याच शेजारी उभा राहून."

धाकट्याने उघड्या बॅगेची चेन ओढून लावली.

"तू 'कळवलंय' म्हणालास, म्हणून मी गप्प बसलो, बाबू. नाहीतर वर्तमानपत्रात फोटो छापून आणले असते. पुलाच्या तोंडाशी आडवा पडलो असतो. तुझ्या एका शब्दावर मी निवांत झोपलो. मला वाटलं, माझा भाऊ आहे तिथे."

"मी तुझ्या पाया पडतो, दादा. आईला कळलं तर ती जगायची नाही."

"बसमधल्या माणसांनाही आया होत्या."

अधिकारी खाकरला. "तक्रार लिहून घ्यायची?"

"घ्या. आणि त्यात एवढं नक्की लिहा, की ह्या बाईंचा काडीचा दोष नाही." फोटोग्राफर तिच्याकडे वळला आणि त्याने हात जोडले. "मघाशी मनातून मीही तुमच्यावर संशय घेतला होता. माफ करा."

"रोल त्या बॅगेतून यंत्रात गेलेत," ती हळूच म्हणाली. "खराब झाले असतील का?"

"कमी वेगाची, म्हणजे प्रकाशाला फारशी हळवी नसलेली फिल्म आहे. एका फेरीने सहसा काही होत नाही. उद्या कळेलच."

त्याने पाचही रोल शर्टाच्या खिशात घातले आणि वरून बटण लावलं. सही केली. दाराशी पोचला, तेव्हा मागून आवाज आला, "दादा, तो फोटो तेवढा... निदान तो एक रोल..."

फोटोग्राफर वळला नाही. कॅमेऱ्याची बॅग खांद्यावर घेऊन, दुखरा गुडघा ओढत तो विमानाकडे निघाला.

विमान भरत आलं होतं. हवाईसुंदरीने त्याच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "तुमच्याबरोबरचे येतायत ना? दार बंद करायचंय."

"करा बंद," तो म्हणाला. "माझ्याबरोबर कुणी नाही."