अंजली पडायला शिकली

"हे डाग कसले?" डॉक्टरबाईंनी विचारलं अंजलीला, पण पाहिलं पुंजारामकडे.

अंजलीच्या दोन्ही दंडांवर आणि पाठीवर काळेनिळे डाग होते. काही जुने, पिवळे पडत आलेले, काही कालपरवाचे. पुंजारामने ते याआधी पाहिलेच नव्हते... वीस वर्षांचा संसार, पण पिठाच्या गिरणीवरून घरी यायचं, जेवायचं आणि आडवं व्हायचं, बायकोच्या दंडाकडे बघावं असं त्याच्या मनात कितीतरी वर्षांत आलं नव्हतं. डॉक्टरबाई आपल्याकडे असं का बघतात हे उमगलं, तेव्हा त्याचे कान तापले.

"यांनी नाही केलं, मॅडम," अंजली हसली. "माझी मुलगी कुस्ती खेळते. तालमीतली पोरं तिच्याबरोबर सरावाला जोड धरत नाहीत. मग दुपारी गिरणीत मीच उभी राहते समोर."

"तुम्ही कुस्ती खेळता?"

"खेळते ती. मी नुसती पडते."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांच्यासमोर अंजलीच्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट होता. गाठ हाताला कधी लागली, असं त्यांनी विचारलं. अंजली म्हणाली, गणपतीच्या आधी. आणि तो दिवस संक्रांतीनंतरचा होता.

"पाच महिने काय करत होतात?"

"पोरीची जिल्ह्याची निवड होती, मॅडम. मी आजारी पडले असते तर घरच्यांनी तिला लगेच स्वयंपाकाला बसवलं असतं."

घरच्यांनी म्हणजे कोणी, हे तिने सांगितलं नाही. घरात तिघंच होते.

पुंजारामला बाजूला घेऊन डॉक्टरबाईंनी सांगितलं की आजार पुढे गेलेला आहे, औषध चालू करू, पण वर्षाची आशा धरू नका. मग त्या आपणहून म्हणाल्या, "त्या पडण्याचा आणि गाठीचा काही संबंध नाही. तसं मनात आणू नका." त्याने मान हलवली. ऐकलं सगळं, पण आत काही शिरलं नाही.

तेवढ्यात हर्षाली आली. तालमीतून थेट आलेली, खांद्यावर बॅग, कानाला लाल माती. सतरा वर्षांची पोर. "पप्पा, काय म्हणाले डॉक्टर?" तिने विचारलं.

आणि पुंजाराम म्हणाला, "तुझ्या कुस्तीनं खाल्लं तुझ्या आईला."

हळूच म्हणाला. शेजारच्या बाकावरच्या माणसालाही ऐकू गेलं नसेल. पण हर्षाली जागच्या जागी उभी राहिली, आणि मागे दारात पदर सारखा करत असलेल्या अंजलीनेही ते ऐकलं.

पुंजाराम हा काही दुष्ट माणूस नव्हता. नामपूरला वाढलेला, तरुणपणी स्वतः पैलवान, गुडघा गेला म्हणून कुस्ती सुटली आणि नाशिकला येऊन त्याने गंगापूर रोडच्या एका गल्लीत गिरणी टाकली. कुस्ती त्याच्या जिवाची होती. म्हणूनच लेक नदीकडच्या तालमीत अकरा पोरांमध्ये बारावी म्हणून उभी राहिली, तेव्हा आपली एकुलती एक पवित्र वस्तू कोणीतरी बाजारात मांडली असं त्याला वाटलं. त्याने मनाई केली नाही. फक्त दोन वर्षं त्या विषयावर एक शब्दही बोलला नाही. ती जिंकून आली तरी त्याचं आपलं, "गव्हाचं पोतं आत घे." अंजली एकदा म्हणाली होती, "तुम्ही नको म्हणाला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं."

दवाखान्यातून आल्यावर अंजलीने त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली.

"ते बोललात ना तिला, तेवढं परत घ्या."

"घेतो."

"माझ्यादेखत नको. तुमचं तुम्ही घ्या. पण घ्या."

"घेतो म्हटलं ना."

त्याला खरंच घ्यायचं होतं. रोज सकाळी हर्षाली चहा आणून ठेवी तेव्हा शब्द तोंडाशी येत... आणि मग त्याला वाटे, बोललो तर ते वाक्य पुन्हा एकदा घरात उभं राहील, तिच्या जखमेवरची खपली निघेल. आज नको, उद्या. अंजलीचे केस गेले, जेवण गेलं, आवाज बारीक झाला. ती विचारी, "बोललात का?" तो म्हणे, "बोलणार आहे." शेवटी शेवटी तिने विचारणंही सोडलं, नुसतं बघायची. त्या बघण्याने त्याचं काळीज तुटायचं, तरी जीभ हलत नव्हती.

ज्येष्ठात अंजली गेली.

दहाव्याला पुंजारामची बहीण रंगूबाई नामपूरहून आली होती. हर्षाली कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसलेली पाहून तिने भावाला बाहेर बोलावलं. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं, तरी तिला कळलं होतं.

"पोर शे ती अजून, भाऊ," ती आपल्या अहिराणीत म्हणाली. "तिनी काय चूक शे?"

"मी कुठं काय म्हणतो?"

"तेच तर. तू काहीच नाय म्हणत."

हर्षालीने तालीम सोडली. कोणी सांगितलं नाही, तिने कोणाला विचारलं नाही. बॅग माळ्यावर टाकली, स्वयंपाक हातात घेतला आणि गिरणीत आईच्या जागेवर येऊन बसली. "जाड का बारीक?" गिऱ्हाइकाला विचारायची, डबा उचलायची, पीठ झटकायची. आईसारखीच डोक्याला रुमाल बांधायची. शेजारच्या बायका म्हणायच्या, पुंजाभाऊ, पोरीने घर सांभाळलं बरं, नशीबवान आहात. पुंजाराम गिरणीच्या फिरत्या पट्ट्याकडे बघत राही. जे घडेल म्हणून अंजलीने पाच महिने छातीतली गाठ लपवली होती, तेच आता घडलं होतं. पोर चुलीशी बसली होती, आणि बसवणारा तोच होता.

अशात अंजलीची आठवण यायची ती मोठ्या प्रसंगांची नाही. दुपारी दोन ते चार गिरणी बंद असे, त्या वेळात तो घरी येऊन झोपे आणि अंजली म्हणे, "तुम्ही व्हा पुढे, मी झाडून येते." दोन वर्षं ती दोन तास गिरणी झाडत होती, आणि त्याला कधी शंका आली नाही. आता त्या दोन तासांत त्याला झोप लागत नसे. ती असती, नुसती असती, गिरणीच्या आवाजात ओरडून "अहो, लाईट गेली तर सांगा" म्हणाली असती, तरी पुरलं असतं... एवढंच मागणं होतं त्याचं, आणि ते मागायला आता कोणीच नव्हतं.

श्रावण सरत आला तेव्हा एका सकाळी तो तालमीत गेला. वीस वर्षांनी आखाड्याच्या मातीचा वास आला आणि गुडघा आपोआप दुखू लागला. सावळीराम वस्ताद कट्ट्यावर बसून पोरांना जोर मारायला लावत होते. सत्तरी ओलांडलेली, पण मान अजून ताठ.

"या पैलवान," वस्ताद म्हणाले. "पोरीचं सामान न्यायला आलात का?"

"नाय. तिला परत घ्या म्हणायला."

"मी कुठं काढलंय? ती यायला पाहिजे." वस्तादांनी आवाज चढवला. "कुंदन, मोजतोयस का झोपलायस?" आणि मग पुंजारामकडे वळून, "पण खरं सांगतो, आली तरी जोडीचा वांधा आहेच. विचारा यांना."

कुंदन हा तिच्याच वजनाचा पोरगा. तो उठून घाम पुसत म्हणाला, "काका, तिच्याशी हरलो तर पोरं वर्षभर चिडवतात. जिंकलो तर म्हणतात, पोरीला पाडलं, लय भारी. आम्ही करायचं काय?"

"एकदा पाडलं होतं तिनं याला," मागून कोणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. कुंदनही हसला, पण कान लाल झाले.

"म्हणून तर तुमची बायको आली होती माझ्याकडे," वस्ताद म्हणाले.

"कशाला?"

"तुम्हाला माहीत नाही? पडायला शिकायला."

पुंजाराम दोन पावलं पुढे आला.

"पोरगी गिरणीत तिच्यावर डाव करायची, पण आईला लागेल म्हणून निम्मा डाव सोडून द्यायची. अर्धा डाव म्हणजे हाताला खोड लागते, तुम्ही जाणताच. तर बाई आल्या, दाराबाहेर उभ्या राहिल्या, आत पाऊल टाकलं नाही. म्हणाल्या, वस्ताद, मला नीट पडायला शिकवा. मी चांगली पडले तर ती भिणार नाही. म्हटलं, ताई, चाळिशी उलटली तुमची. तर म्हणतात, पडायला वय कशाला लागतं? मागे पत्र्याच्या शेडमध्ये जुनी मॅट आहे, तिथं माझ्या सुनेला उभं करून पंधरा दिवस शिकवलं. हनुवटी छातीला, हात आधी टेकायचा नाही, पाठ गोल. आमची पोरं वर्षात शिकत नाहीत ते बाई पंधरा दिवसांत शिकल्या."

वस्तादांनी एका पोराला पाठ सरळ करायला खुणावलं.

"मी तेव्हा विचारलं होतं त्यांना. म्हटलं, तुमच्या घरात पैलवान असताना माझ्याकडे कशाला? नुसत्या हसल्या."

पुंजाराम कट्ट्यावर बसला. समोर पोरं जोर मारत होती, मोजणी चालू होती, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. आपल्याला येणारी एवढी एकच गोष्ट होती जगात. ती शिकायला अंजली परक्याच्या दारात उभी राहिली... कारण घरातलं दार आपण लावून घेतलं होतं.

त्या दिवशी दोन वाजता त्याने गिरणी बंद केली. शटर खाली ओढलं, पण स्वतः आतच राहिला. रिकामी बारदानं जमिनीवर पसरली, त्यावर घरून आणलेल्या दोन जुन्या गोधड्या. हर्षाली चाळणी धुवत होती. ते बघून तिचे हात थांबले. असंच, ह्याच जागी, आई पसरायची.

"पट काढ," पुंजाराम म्हणाला. म्हणजे समोरच्याचा पाय धरून त्याला खाली आण.

"पप्पा, तुमचा गुडघा."

"डावा गेलाय. उजवा आहे ना."

"त्रेपन्न वर्षांचे आहात तुम्ही."

"तू पट काढतेस का माझा दाखला बघतेस?"

ती आली. वाकली, पाय धरला, आणि बरोबर मध्येच सोडून दिला.

"अर्धा झाला," तो म्हणाला. "परत."

दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "तुझ्या आईला पडायला येत होतं, मग मला येत नाय का?"

हर्षालीने त्याच्याकडे पाहिलं. मग खांदा त्याच्या मांडीला लावला आणि पूर्ण डाव केला. पुंजाराम पाठीवर पडला, पीठ उडालं, क्षणभर श्वास अडकला. वीस वर्षांनी पडला होता. छताकडे बघत तो पडून राहिला आणि आपल्या लेकीचा डाव किती स्वच्छ आहे, हे त्याला पहिल्यांदा कळलं.

"लागलं का?"

"नाय."

ती त्याच्या शेजारीच बसली. गोधडीची चुरगळ सरळ करत म्हणाली, "पप्पा, आईला लागायचं का हो?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण दंडावरचे डाग त्याने पाहिले होते.

"लागायचं," तो म्हणाला. "ती वस्तादांकडे जाऊन पडायला शिकली होती. तू भिऊ नये म्हणून."

हे हर्षालीला माहीत नव्हतं. तिने तोंडावर रुमाल धरला आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडली, बारदानावर कपाळ टेकून, लहान पोरासारखी. पुंजारामने तिच्या पाठीवर हात ठेवला. आता बोलावं, हीच वेळ आहे, असं त्याला वाटलं.

"हर्षू, त्या दिवशी दवाखान्यात मी जे..."

"उठा पप्पा," ती डोळे पुसत म्हणाली. "चार वाजतील. परत उभे राहा."

तो उभा राहिला.

त्यानंतर रोज दोन ते चार गिरणी बंद असते. हर्षाली पुन्हा पहाटे तालमीत जाते, कुंदन आता आठवड्यातून दोनदा तिच्याशी जोड धरतो आणि दोन्ही वेळा कुरकुरतो. दुपारी पुंजाराम पडतो. त्याच्या दंडावर आता डाग आहेत. गिऱ्हाईक विचारतं, हे काय झालं, पुंजाभाऊ, तेव्हा तो सांगतो, लेकीनं पाडलं, आणि सांगताना त्याला थोडा अभिमानही वाटतो. जिल्ह्याची निवड पुढच्या महिन्यात आहे. या वेळी तो बघायला जाणार आहे.

कधी सरावानंतर दोघं पाणी पीत बसतात, आणि हर्षाली गप्प असते, आणि पुंजाराम वाक्य जुळवत असतो. तिने एकदा थांबवलं म्हणून आपण थांबलो, असं तो स्वतःला सांगतो. पण तिने एकदाच थांबवलं होतं, बाकीच्या दिवशी तोच थांबला आहे.

दवाखान्यातलं ते बोलणं त्याने अजून परत घेतलेलं नाही.