शेजारचा फोटो

"माह्या बाजूले ही पोरगी कोनं बसवली?" असं विचारत एक उंच माणूस आमच्या संगणक केंद्रात शिरला, आणि मला हसू आवरेना.

२००७ साल होतं. अकोल्यातल्या त्या केंद्रात मी शिकवायचे, आणि आमच्या बौद्ध समाजाच्या वधू-वर मंडळाची वेबसाइटही मीच करत होते. डावीकडे फोटो, उजवीकडे माहिती, त्याखाली पुढचा फोटो. नोकरीवाल्यांची माहिती लांबलचक असायची, प्लॉटपासून मामाच्या गावापर्यंत. तेल्हाऱ्याच्या चंद्रभानची मात्र एकच ओळ होती – बी.ए., शेती, सात एकर कोरडवाहू. माहिती फोटोपेक्षा कमी पडली की खालचा फोटो वर सरकून शेजारी येऊन बसतो. तशा तिवश्याच्या एक शिक्षिकाबाई त्याच्या शेजारी अगदी जोडीनं बसल्या होत्या, आणि त्यांच्या भावानं फोन करून त्याला झापलं होतं.

मी म्हटलं, चार ओळी वाढवा, म्हणजे बाई खाली जातील.

"हाय तेवढंच लिहिलं, मॅडम. आता खोटं लिहू का?"

बराच विचार करून त्यानं सांगितलं, वाचायला आवडतं. मी टाइप केलं. बाई जागच्या हलल्या नाहीत. मग मी त्याला पुढच्या मंगळवारी आठवून यायला सांगितलं.

तो आला... आणि दर मंगळवारी येत राहिला. आई आजारी असली की भाकरी थापतो. गावातल्या पोरांना विहिरीत पोहायला शिकवतो. एकेक ओळ सांगताना तो खाली फरशीकडे बघायचा, आणि मी टाइप करायला लागले की मॉनिटरच्या काचेत त्याची नजर माझ्यावर आलेली दिसायची. मी मुद्दाम सावकाश टाइप करायचे.

स्थळासाठी फोन मात्र त्याला एकही आला नाही. त्या वर्षी बहुतेक मुलींच्या नावाखाली वडील एक अट घालत – शेतकरी नको. रोज पेपरात येणाऱ्या शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या वाचून कोणता बाप दुसरं काय लिहिणार? ती अट मीच टाइप करायचे, आणि माझा हात कधी अडखळला नव्हता. आता अडखळायला लागला.

मग एक दिवस बाबांनी, म्हणजे जिल्हा परिषदेतल्या खुशालरावांनी, माझाच फोटो हातात दिला. खाली तीच अट. मी मुकाट्यानं टाइप केली.

मंगळवारी चंद्रभाननं ती वाचली.

"माहा फोटो काढून टाका, मॅडम," तो हळूच म्हणाला.

"कावून?"

"ज्या घरून फोन यावा असं वाटे, त्या घरानं लिहून ठेवलं."

आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही, हे मला कळत होतं.

"ते बाबांनी लिहिलं," मी म्हणाले. "आन् एक सांगू? ओळी वाढवाची गरजच नव्हती. कोडमंदी एक शब्द टाकला की फोटो खाली जाते. मले दोन महिन्यांपासून माहीत हाय."

"मंग सांगितलं नाई..."

"सांगितलं असतं तं तुमी आले असते का?"

तो हसला, आणि डोळे पुसत बाहेर गेला. मी माझा फोटो पानावरून काढला. त्याचाही काढला.

संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत, हेच जास्त लागलं. म्हणाले, "मीबी कोरडवाहूतूनच आलो, भावना. म्हनून भेव वाटते."

"मलेबी वाटते, बाबा," मी म्हणाले. "पन भ्याचंच असन, तं त्याच्यासंगं भिईन."

बाबांनी एवढंच विचारलं, रविवारी तेल्हाऱ्याची पहिली बस किती वाजता असते.