रिकामं जातं

सात रस्ता चौकातल्या छापखान्यातून फलक आले तेव्हा वैजयंती ज्वारी निवडत होती. विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून ज्वारी निवडणारी बाई एरवी कुणी पाहिली नसती, पण ओवीदालनाचं उद्घाटन दोन दिवसांवर आलं होतं आणि दालनाच्या मधोमध तानाबाईचं जातं मांडलं होतं. त्याला छोटं यंत्र बसवलं होतं. खुंटा धरून जातं फिरवलं की भिंतीवरच्या स्पीकरमधून तानाबाईची ओवी सुरू व्हायची. थांबलं की थांबायची.

वैजयंती ध्वनिसंग्रहाची प्रमुख. सांगोल्याकडच्या एका वाडीत जाऊन, दर सुट्टीला एक खेप अशी दोन वर्षं, तिनं हा आवाज गोळा केला होता. तानाबाईनं जातं दिलं तेव्हा दोनच गोष्टी मागितल्या होत्या.

"बाई, माझं नाव तेवढं लावा की. जलम सगळा धुळाची बायकू म्हणून गेला. कुणीतरी म्हणू द्या, ह्यो तानाबाईचा आवाज हाय."

आणि दुसरी, "जातं रिकामं फिरवू नका. तोंडात मूठभर वैरण असू द्या. दाणा न्हाय गावला, तर ते घरातलंच कायतरी दळतंय."

वैजयंतीनं दोन्हीला हो म्हटलं होतं. म्हातारी वर्षभरापूर्वी गेली. जात्याची वैरण चुकू नये म्हणून वैजयंतीनं मंगळवेढ्याची ज्वारी वाडग्यात भरून शेजारी ठेवली होती. तिचा या गोष्टींवर विश्वास होता असं नाही. शब्द दिला होता, एवढंच.

तिनं फलकावरचं वेष्टन फाडलं. वर ठसठशीत अक्षरांत 'संकल्पना व संकलन : डॉ. उदयसिंह', आणि खाली बारीक 'आवाज : एक अनामिक ग्रामीण स्त्री'.

कानशिलं तापली. फलक तसाच उचलून ती ग्रंथालयप्रमुखांच्या खोलीत गेली.

"सर, हे काय आहे?"

उदयसिंह सर चहा पीत होते. "मॅडम, बसा. अहो, ओवी लोकांची असते. नाव लावलं की ती एका बाईची होते."

"ती एका बाईचीच आहे."

"उद्या प्रत्येक गावातून एकेक तानाबाई उभी राहील. अनामिक शब्द कसा भारदस्त वाटतो बघा."

"मग तुमच्या नावाच्या जागी लावा की भारदस्त शब्द!"

सर हसले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "तुम्ही उपास फार करता, पित्त चढलंय. आणि ते ज्वारीचं वाडगं उचला तिथून. ग्रंथालय आहे, उंदरांचं घर करायचंय का?"

उंदरांचं खरं होतं, म्हणूनच ती आणखी चिडली. वाडगं उचलावं लागलं.

त्या दुपारी विद्यापीठातल्या पोरांनी जातं रिकामंच फिरवून पाहिलं. ओवी लागली,

*आदी घास जात्याला, मग माज्या लेकराला,*
*रिकाम्या पोटी कुनी शिवू न्हाय गं त्येला.*

संध्याकाळी झाडायला आलेल्या केराबाईनं हाक मारली. "म्याडम, हितं पीठ सांडलंय."

"राहिले असतील दाणे."

"ज्वारीचं न्हाय वो हे."

वैजयंतीनं चिमूट बोटांत चोळली. राखाडी, अगदी हलकं. वास आला तो जुन्या पुस्तकांचा. आणि पीठ कोमट होतं.

दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थिनीनं पुस्तक परत आणलं. मुखपृष्ठावर शीर्षक होतं, लेखकाचं नाव नव्हतं. पुसलेलं नव्हतं, खरवडलेलं नव्हतं. कधी छापलंच नसावं तसा कोरा कागद. दालनाला लागून असलेल्या कपाटात तशी आणखी बरीच निघाली. शाई हलकी असेल, वैजयंतीनं स्वतःला समजावलं. पण पुस्तकं वेगवेगळ्या छापखान्यांची होती, आणि लेखक आठवायला गेली तर एकाचंही नाव तिला सुचेना.

तिनं सरांना सांगितलं. ते म्हणाले, "उद्घाटनानंतर बघू."

मग तिनं एकच केलं. जाड पेननं 'तानाबाई धुळा वाघमोडे' असं लिहिलं आणि तो कागद 'अनामिक'वर चिकटवला.

उद्घाटनाच्या सकाळी पाहुण्यांसमोरच सरांनी तो नखानं उचकटला, चोळामोळा करून तिच्या हातात दिला. हसत. "नंतर बोलू, मॅडम."

आणि फोटोसाठी जात्यापाशी बसले.

"सर, मूठभर दाणे तरी घालू द्या!" तिचा आवाज आयुष्यात इतका चढला नव्हता.

सरांनी खुंटा ओढला. ओवी लागली. टाळ्या पडल्या. जात्याच्या कडेनं राखाडी पीठ झरायला लागलं, धारेनं.

"झाला फोटो, सर," कुणीतरी म्हणालं.

सर फिरवतच राहिले. हसू ओठांवर तसंच, कपाळावर घाम.

वैजयंती समोर बसली आणि थांबवायला तिनं खुंटा धरला. दगडानं तिलाही ओढलं. अर्धा फेरा. मग तिनं पाय रोवले, आणि जातं थांबलं.

निवेदन करणारी ऋतुजा माईकपाशी आली. "आता मनोगत व्यक्त करतील आपल्या ग्रंथालयाचे प्रमुख, डॉ..."

ती थांबली. हातातला कागद पाहिला, उलटा करून पाहिला. "सॉरी. आपले डॉ..."

पाहुणे एकमेकांकडे पाहायला लागले. मागून कुणी म्हणालं, "अगं, आपले हे की!" पण पुढं काही नाही.

फलकावर 'संकलन'पुढं कोरी जागा होती.

सर उभे राहिले. "मी..." म्हणाले. पुन्हा म्हणाले, "मी..."

वैजयंतीला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तिनं माईक घेतला.

"हा आवाज तानाबाई धुळा वाघमोडे यांचा आहे."

नाव स्वच्छ उमटलं. कुणी टाळी वाजवली नाही.

पाहुणे पांगले. सरांना दोघांनी धरून गाडीत बसवलं. घरचा पत्ता ड्रायव्हरला ठाऊक होता. केराबाईनं पीठ सुपलीत भरलं आणि कुठं टाकायचं ते न कळून तशीच उभी राहिली.

फोन वाजला. आईचा.

"जयंती, येताना शेंगाची चटणी आण गं."

"कोण जयंती?"

"कोण म्हणजे? बारशाला मीच ठेवलंय की नाव. उन्हानं डोकं फिरलं का तुझं?"

तिनं गळ्यातलं ओळखपत्र उलटून पाहिलं. 'जयंती'च्या आधी एका अक्षराएवढी कोरी जागा होती. मग ओठ हलवून, हळूच, आपलं नाव उच्चारून पाहिलं.

"आणते," जयंती म्हणाली.