बदलायचा राहिलेला पासवर्ड

त्याच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर काळ्या टेपचा एक तुकडा चिकटवलेला होता. सात मिलिमीटरचा चौकोन असेल, पण चारही कोपरे कात्रीने गोल केलेले. टोकदार कोपरा लवकर उचकटतो, गोल टिकतो. एवढा विचार करणारा माणूस मी प्रयोगशाळेबाहेर पहिल्यांदाच पाहत होते.

त्या दुरुस्तीच्या दुकानात मी मावशीचा फोन घेऊन गेले होते. आदल्या दिवशी तिने कुठल्याशा निरोपावर बोट ठेवलं आणि तिच्या नावाने सगळ्या नातेवाइकांना भलतेसलते संदेश गेले. तिची नणंद तर अजून रुसून बसली होती.

"पासवर्ड टाका," म्हणत त्याने फोन माझ्यापुढे धरला आणि मान भिंतीकडे वळवली. मी टाकून होईपर्यंत तशीच ठेवली.

"फोन होईल नीट," तो म्हणाला. "पण घरी काही बंदोबस्त?"

"कुलूप आहे की दाराला."

तो हसला. "मग आता आतलं बघा. सुरुवातीला एकच काम निवडा. सगळे पासवर्ड एका तिजोरीत ठेवा, नाहीतर पाहुण्यांसाठी वेगळं वाय-फाय करा. नाहीतर ही गाळणी." काड्यापेटीहून जरा मोठी डबी त्याने पुढे सरकवली. "घरातला फोन कुठलीही साइट उघडण्याआधी तिचा पत्ता हिला विचारतो. पाळत ठेवणाऱ्यांचा पत्ता असेल, तर ही देतच नाही. आणि कुणी काय विचारलं, ते वहीत लिहून ठेवते."

"मी पाणी तपासते," मी म्हणाले. "गाळणीच घेणार."

"म्हणजे आपण एकाच धंद्यातले—" तो म्हणाला. मावशीचा फोन परत देताना त्याने तो जरा... जास्तच वेळ धरून ठेवला.

रविवारी तो घरी आला. वायरी जोडणं, अडवायच्या पत्त्यांच्या याद्या भरणं, सगळं त्याने माझ्याकडूनच करून घेतलं. शेवटी एका चिठ्ठीवर डबीचा पासवर्ड लिहून दिला.

"हा तात्पुरता आहे. आजच बदला. आणि नवा कुणालाही सांगू नका."

"तुम्हालासुद्धा?"

"मला तर मुळीच नाही."

मी बदलला नाही. त्यातल्या सातच्या आकड्याला त्याने मधोमध एक छोटी आडवी रेघ दिली होती. ती चिठ्ठी मी डायरीत ठेवली. पासवर्ड बदलला असता, तर तो नुसता कागद उरला असता.

मग तो दर रविवारी येऊ लागला.

"टेपवाले आले गं!" मावशी दारातूनच ओरडायची. "या डबीला दर आठवड्याला बघावं लागतं होय?"

"नाजूक काम आहे, मावशी."

"नाजूक काय आहे ते दिसतंय हो मला!"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, त्याची तारीख मी लिहून ठेवली नाही. एकदा त्याने खंड्याचं चित्र आणलं; मी आठवडाभर पक्ष्यांविषयीच वाचत होते. एकदा मानेखाली घ्यायची उशी आणली. माझी मान दुखते, हे मी कुणालाच बोलले नव्हते.

"मनातलं कसं ओळखतोस रे?"

"लक्ष असतं माझं," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

एक आकडासुद्धा दोनदा मोजल्याशिवाय न लिहिणारी मी... हे मात्र एकदाच ऐकलं आणि खरं मानलं.

गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीच्या पलीकडून त्याने लग्नाचं विचारलं. "विचार करून सांगते," मी म्हणाले. त्याला दोन महिने झाले. दूरच्या शहरातल्या एका संशोधन संस्थेने मला बोलावलं होतं, आणि तेही मी कुणाला सांगितलं नव्हतं. मावशीलासुद्धा नाही. मी रोज त्या संस्थेचं पान उघडायचे आणि मिटायचे.

एका रविवारी कप विसळता विसळता तो म्हणाला, "इतक्या लांबची संस्था... मावशींना एकटीला जमेल का गं?"

"कुठली संस्था?"

कप क्षणभर नळाखाली तसाच राहिला. "नाही, असंच. कुठलीही."

मला जे येतं ते मी केलं. चार दिवस घरी, फोनवर, मधमाश्या पाळण्याविषयी वाचलं. मला त्यात काडीचाही रस नाही. त्याच चार दिवसांत प्रयोगशाळेतल्या संगणकावर दुर्बिणींविषयी वाचलं, अगदी मन लावून. त्या डबीच्या वहीत फक्त मधमाश्या उतरणार होत्या. त्याने ताऱ्यांविषयी बोलावं, किंवा कशाविषयीच बोलू नये, असं मला फार वाटत होतं. निष्कर्ष आधी ठरवून प्रयोग करू नये, हे ठाऊक असूनही.

रविवारी तो आला. हातात मधाची बाटली.

"मधमाश्या पाळणाऱ्या एकाकडून आणलाय. म्हटलं, तुला आवडेल."

"हिला?" मावशी म्हणाली. "लहानपणापासून तोंड वाकडं करते मध बघून!" आणि बाटली घेऊन ती आत गेली.

आम्ही दोघंच उरलो.

"वही कधीपासून वाचतोयस?"

त्याने नाकारलं नाही. नाकारलं असतं, तर सोपं गेलं असतं.

"पहिल्यांदा फक्त पासवर्ड बदललास का, ते बघायला गेलो. इथेच बसून, तुमच्याच वाय-फायवरून. तू चहा टाकत होतीस. बदललाच नव्हतास... मला वाटलं, दार मुद्दाम उघडं ठेवलंयस."

"तुझं अक्षर होतं, म्हणून ठेवला होता."

अंगठ्याने तो आपल्या लॅपटॉपवरच्या टेपचा गोल कोपरा उगाच दाबत राहिला.

"मला विचारलं असतंस, तर सांगितलं असतं मी."

"विचारलं होतं," तो हळूच म्हणाला. "दोन महिने झाले. तू बोलतच नाहीस गं. त्या वहीत निदान तू काहीतरी विचारत तरी असायचीस."

हे खरं होतं. मधाच्या बाटलीपेक्षा तेच जास्त लागलं.

मी डायरीतून चिठ्ठी काढली, त्याच्यासमोर ठेवली. मग माझा लॅपटॉप उघडला, डबीचं पान काढलं. नवा पासवर्ड टाकायला लागले, आणि त्याने — मी काही न म्हणता — मान भिंतीकडे वळवली. पहिल्या दिवशी वळवली होती तशीच.

तेवढ्यावर सगळं विसरावंसं वाटलं. बोटं थांबली. मग मी उरलेली अक्षरं टाकली. तो अजून भिंतीकडेच बघत होता.

"तू विचारलं होतंस ना," मी म्हणाले. "माझं उत्तर 'नाही' असं आहे. मी त्या संस्थेत जातेय."