झूरा एजेचा कॉम्प्युटर

काराकोलच्या बाजाराजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. यंत्र कारणाशिवाय बिघडत नाही आणि शोधलं की कारण सापडतं, यावर माझं पोट चालतं. त्यामुळे "चालू केला की लगेच बंद पडतो रे," असा थोरल्या बहिणीचा फोन आला तेव्हा मी ब्रश आणि एक जादा पॉवर सप्लाय पिशवीत टाकला आणि बर्फातून चालत निघालो.

झूरा एजे, आमच्याकडे थोरल्या बहिणीला एजे म्हणतात, एकटी राहायची. तिची मुलगी मीरगुल लग्न होऊन चेल्याबिन्स्कला गेली होती, तिथं नुकतीच बाळंत झाली होती. त्या काळी फोनवर चेहरे दिसत नसत. नातीचं तोंड बघायचं तर याच कॉम्प्युटरवर.

"आलास? म्हटलं, बायको सोडतेय की नाही! बस रे बाकास, आधी चहा घे."

"आधी पेशंट दाखव, एजे."

बटण दाबलं. पंखा फिरला, पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली आणि सगळं विझलं. गरम होत असेल म्हणून धूळ काढली. पॉवर सप्लाय बदलला. मेमरीच्या पट्ट्या पुसून परत बसवल्या. तेच. शेवटी दुकानात नेला, तर दिवसभर सुरळीत चालला. परत आणून जोडला आणि पुन्हा अक्षरं उमटताच विझला.

"सासरी कामसू, माहेरी लोळण," एजे म्हणाली. पण हसली नाही. शालीचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती. "मीरगुल वाट बघत असेल रे."

घरातली वीज नीट नसेल म्हणून शेजारच्या घरातून वायर ओढली. फरक नाही. मग उरलं बटण. ते आत अडकत असेल तर यंत्राला वाटतं, कुणी दाबून धरलंय, आणि ते बंद होतं. मी बटणाची वायर बोर्डावरून उपटली आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक दोन पिनांना टेकवून कॉम्प्युटर सुरू केला.

अक्षरं आली. टिकली. निळा पडदा उजळला.

"झालं!" एजेनं टाळी वाजवली.

पडदा काळा झाला.

मी पुढून पाहिलं. बटण पूर्ण आत गेलेलं होतं. मग ते सावकाश बाहेर आलं.

खोलीत शेगडीतला कोळसा तेवढा तडतडत होता. खिडकीत दुपारचं स्वच्छ ऊन होतं. वायर माझ्या मांडीवर पडली होती. त्या बटणाला आता काही अर्थच नव्हता. तरी मी त्यावर अंगठा ठेवला, नुसता झाकायला, आणि दुसऱ्या हातानं पुन्हा पिना जोडल्या.

पंखा फिरला. अक्षरं आली.

"दाबू नकोस ना!" एजे ओरडली.

"मी नाही दाबत."

माझं नख पांढरं पडत चाललं होतं. वरून जोर येत होता. लहान मुलाच्या हाताला धरून आपण घंटी वाजवायला शिकवतो ना, तसा. हळू, पण न सोडणारा.

पंखा थांबला. अंगठा मोकळा झाला.

मी कॉम्प्युटर उचलला, एजेनं कोट घातला आणि आम्ही दुकानात आलो. तिथं तो पहिल्या झटक्यात सुरू झाला. मीरगुलनं बाळाला पडद्याजवळ धरलं. एजे रडली, हसली, नातीच्या नाकाला तिनं नावं ठेवली. कॉम्प्युटर मी दुकानातच ठेवून घेतला आणि तो पुन्हा कधी बंद पडला नाही.

वसंत लागला तेव्हा तिचा फोन आला. बाळाला दात येतोय, जर्दाळू फुलले, अशा गप्पा झाल्या.

"घरी सगळं ठीक ना?" मी विचारलं.

"ठीकच म्हणायचं. सकाळी जाग येते ना, मी डोळे उघडते, तर कुणीतरी पापण्यांवर बोटं ठेवून परत मिटवतं."

"एजे, आत्ताच्या आत्ता माझ्याकडे ये राहायला."

"वेडा आहेस का? कोंबड्यांना कोण बघणार? आणि दुखत काही नाही रे. थोड्या वेळानं बोटं उचलली जातात, मी उठते." कपात चमचा ढवळल्याचा आवाज आला. "आज मात्र उचलेपर्यंत दुपार झाली."