अंजनेरीवरचा फिरवलेला बाण

अंजनेरीच्या माथ्यावर एका बांबूला लाल फडकं बांधलं होतं. ते दिवस मावळायच्या आत खाली आणायचं, एवढीच मोहीम होती. आणलं, तर नाशिकच्या अनाथाश्रमातलं बालवीर पथक, म्हणजे स्काउटांची टोळी, चालू राहणार होती. नाही आणलं, तर पोरांच्या अंगावरचे नवे खाकी शर्ट उतरून कपाटात जाणार होते. "अनाथ पोरांना कसली आलीय बालवीरगिरी? सुतारकाम शिकवा," असं आश्रमाच्या अध्यक्षांचं स्पष्ट मत होतं. मोतीराम मास्तरांनी त्यांच्याशी भांडून १९३४ च्या डिसेंबरातला हा एक रविवार मिळवला होता.

मोहिमेचं सैन्य म्हणजे तीन पोरं. टोळीनायक भिका निफाडकडचा, चौदा वर्षांचा, मास्तरांनी सांगितलं तर विहिरीतसुद्धा उडी मारणारा. काळू अकराचा, पण दिसायला आठाचा. वाटेवरच्या खुणा वाचण्यात मात्र सगळ्यांच्या पुढे. आणि तिसरा नजीर. मालेगावच्या विणकराचा हा तेरा वर्षांचा पोरगा कुणावरही विश्वास ठेवत नसे.

त्याला तसं कारण होतं. दोन वर्षांपूर्वी अत्तर लावलेला एक गोडबोल्या गृहस्थ आश्रमात आला होता. गिरणीत कामाला लावतो म्हणून नजीरच्या थोरल्या भावाला, इब्राहिमला, नवा शर्ट घालून घेऊन गेला. त्यानंतर ना पत्र, ना निरोप. दिलेला पत्ताही खोटा निघाला. तेव्हापासून कुणी नवा शर्ट दिला की नजीर आधी पळायची वाट बघून ठेवायचा.

मोतीराम मास्तर एका शाळेत कवायत शिकवत आणि दर रविवारी आश्रमात येत. कशासाठी? फुकट कोण येतं? दोराच्या गाठी शिकवतात, त्या कुणाला बांधायला? आणि हात मिळवतात तो चक्क डावा! पहिल्याच दिवशी नजीरनं आपला हात पाठीमागे लपवला होता. मास्तर हसून म्हणाले होते, "अरे, ढाल डाव्या हातात असते. तो हात द्यायचा तर आधी ढाल खाली ठेवावी लागते. बालवीर एकमेकांना भीत नाहीत, म्हणून डावा." नजीर मनात म्हणाला होता, ढाल ठेवली खरी, पण तलवार उजव्या हातात राहिलीच की.

त्र्यंबकच्या मोटारीतून उतरल्यावर मास्तर तासभर आधी पुढे गेले. त्यांनी वाटेवर खुणा ठेवायच्या आणि पोरांनी त्या वाचत यायचं, असं ठरलं होतं. दगडांचा बाण म्हणजे इकडे या. काटक्यांची फुली म्हणजे ही वाट नाही. तीन शिट्ट्या म्हणजे जीव धोक्यात आहे.

"दोर मी घेतो," निघताना नजीर म्हणाला. भिकाला वाटलं, पोरगा कामाचा झाला. नजीरला मात्र तो दोर दुसऱ्या कुणाच्या हाती नको होता. पायथ्याशी गवत पसरलेली, छपराची एक रिकामी बैलगाडी उभी होती. तीही त्याच्या नजरेतून सुटली नव्हती.

वाट हेरायला म्हणून नजीर पुढे निघाला. उन्हानं पिवळं पडलेलं गवत, मधूनच कारवीची जाळी, वर काळाभोर कातळ आणि त्यावर घिरट्या घालणारी एक घार. एरवी हे सगळं बघून कुणाचंही मन हरखलं असतं. नजीर एका वळणावर आला, त्यानं मान वर केली आणि तो तिथेच थबकला. खिंडीत मास्तर एका पागोटेवाल्याशी बोलत होते. त्यांनी तीन बोटं दाखवली. मग हात खाली, पोरं येणार होती त्या बाजूला केला. पागोटेवाल्यानं मान डोलावली.

तीन बोटं, तीन पोरं आणि खाली छपराची गाडी. हिशेब सरळ होता!

भिकाला सांगून उपयोग नव्हता, तो आधी मास्तरांकडेच पळाला असता. पुढे वाटेला दोन फाटे फुटत होते. डाव्या फाट्याकडे, खिंडीच्या दिशेनं, दगडांचा बाण होता आणि उजव्या फाट्यावर फुली. उजवी वाट डोंगराला वळसा घालून सडकेकडे जात असणार, असं नजीरला वाटलं. म्हणजे पळायची वाटच बंद करून ठेवलीय! त्यानं बाण उजवीकडे फिरवला, फुलीच्या काटक्या जाळीत भिरकावल्या आणि मास्तरांवर नजर ठेवत कारवीआड दबा धरून बसला. पोरं पुढे गेली की मागून त्यांना गाठायचं आणि घेऊन सुटायचं, असा त्याचा बेत होता.

थोड्या वेळानं भिका आणि काळू आले. बाण आधी काळूलाच दिसला. "हिकडं, हिकडं," म्हणत तो उजवीकडे पळाला.

"आरं, दमानं," म्हणत भिका त्याच्या मागून गेला.

आणि मग शिट्टी वाजली. एक. दोन. तीन!

नजीर धावत सुटला. वळणापलीकडे वाटच नव्हती, कडा होता. वाळल्या गवतावरून काळूचा पाय घसरला होता आणि तो दोन माणसांच्या उंचीइतका खाली, हातभर रुंदीच्या कपारीवर, एका झुडपाला मिठी मारून उभा होता. त्याच्या खाली सगळी पोकळी होती.

"बाण हिकडंच व्हता," भिका कड्याच्या काठाशी पालथा पडून म्हणाला. "म्या सोता बघितला. फुली बी नव्हती."

नजीरनं दोर खाली सोडला, पण काळू झुडूप सोडायला तयार होईना. म्हणजे कुणीतरी उतरायला हवं होतं. दोर बांधायला जवळ झाड नव्हतं. दोघांचं वजन एकटा भिका पेलू शकत नव्हता. त्यासाठी मोठा माणूस हवा होता, आणि तो वर खिंडीत होता. इथली शिट्टी कड्याआड अडत होती.

नजीरनं भिकाच्या हातातली शिट्टी हिसकावली, पळत वळणावर आला आणि जीव खाऊन फुंकली. तीनदा. पुन्हा तीनदा. वरून दोन माणसं दगडधोंड्यांची पर्वा न करता धावत येताना दिसली.

मास्तरांनी एका नजरेत सगळं ओळखलं. "कोण उतरणार?"

"मी. मी हलका आहे." नजीरनं छातीभोवती दोर घेतला आणि न सरकणारी गाठ मारली.

"शिकवली तशीच?"

"हो."

मास्तरांनी गाठ तपासली नाही. नुसता हात पुढे केला. दोराचं दुसरं टोक नजीरच्या मुठीत होतं आणि मूठ उघडत नव्हती. हे टोक ज्याच्या हाती जाईल त्याच्या हाती आपला जीव जाईल, हे त्याला पक्कं कळत होतं. खालून काळूचं मुसमुसणं ऐकू आलं. नजीरनं मूठ उघडली.

तो खाली उतरला. हाताला गार कातळ. पायाखाली सुटे दगड. अखेर कपार!

"डोळे मीट आणि माझ्या गळ्यात हात टाक."

"माझा बाण चुकला का रं?" काळूनं विचारलं.

"नाही. तू बरोबर वाचलास," नजीर कसाबसा म्हणाला.

काळूनं झुडूप सोडलं आणि पायाखालची कपार सुटली! दोघं हातभर खाली कोसळले. दोराला हिसका बसला. दोर करकरला. आणि थांबला! वर कुणीतरी पाय रोवून तो धरून ठेवला होता. मग वीत वीत करत दोघं वर आले.

वर आल्यावर नजीर उठलासुद्धा नाही. जमिनीकडे बघत म्हणाला, "बाण मी फिरवला. फुली पण मीच फेकली."

भिका त्याच्या अंगावर धावला. मास्तरांनी त्याला अडवलं. "का फिरवलास?"

"तुम्ही ह्यांना तीन बोटं दाखवली. खाली गाडी. इब्राहिमला बी असाच नवा शर्ट दिला होता."

पागोटेवाला पुढे झाला. "लेकरा, गाडी माझीच हाय. कोंडाजी माझं नाव. गवताला वर आलो व्हतो. मास्तर म्हनले, तीन पोरं हायत, एकाचे पाय लय दमत्यात, सांजच्याला नाशकात सोडशील का."

काळूचा घोटा टम्म सुजला होता. माथ्यावरचं लाल फडकं इथून दिसत होतं. अजून तासाभराची चढण होती आणि ऊन कलायला लागलं होतं. "टोळीनायक, काय ठरवतोस?" मास्तरांनी विचारलं.

भिकानं फडक्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "काळूला आधी खाली न्यायचं." मग त्यानं दोन काठ्या आणि दोन शर्टांची डोली करायला घेतली, आणि एक टोक नजीरच्या हाती दिलं.

उतरताना नजीरनं विचारलं, "शर्ट परत द्यावे लागतील?"

"बहुतेक."

"अध्यक्षांना मीच सांगतो. बाणाचं."

"सांग," मास्तर म्हणाले. "शर्ट घेतील ते परत. गाठ कशी घेतील?"

काळूला गवतावर निजवलं. कोंडाजीनं बैल जुंपले. मास्तर चाकापाशी उभे होते आणि त्यांच्या उजव्या तळहाताला गुंडाळलेला रुमाल रक्तानं भिजला होता. दोराच्या हिसक्यात तळहात सोलून निघाला होता. दुपारपासून त्याबद्दल त्यांनी एक अक्षरही काढलं नव्हतं. नजीर त्या हाताकडे बघत राहिला. याच हाताला तो इतके महिने भीत आला होता.

मग तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याचा स्वतःचा उजवा हात रिकामाच होता. तरी त्यानं डावा पुढे केला.