न हलणारा कंप्रेसर

मैत्रीने कामं वाटून दिली. अजिंक्यने शेडच्या मागच्या दारात बसायचं, दिव्याने वहीत वेळ लिहायची, आणि बाबांच्या ग्राइंडरवरून उतरणाऱ्या प्रत्येक पट्टीवर ती स्वतः खडूने आकडा टाकणार होती. दापोडीतली बाकीची पोरं मे महिन्याची सुट्टी क्रिकेटमध्ये घालवत होती. हे तिघं डबा पोचवायच्या निमित्ताने उद्धवरावांच्या वर्कशॉपच्या शेडमध्ये शिरत आणि तिथंच रेंगाळत.

मैत्रीचे बाबा, ज्ञानेश, औशाहून इथं आले त्याला अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून ते याच ग्राइंडरवर पोलादी पट्ट्या घासत होते. त्यांनी घासलेल्या पट्टीत तोंड दिसे. पण होळीनंतर काही पट्ट्यांवर बारीक लाटा उमटू लागल्या, ओढ्याच्या वाळूवर वाऱ्याने उमटतात तशा. चाकणच्या कंपनीने दोनदा माल परत पाठवला. सुपरवायझर कोंडाजींनी कागदावर 'ऑपरेटरची चूक' असं लिहून बाबांची सही घेतली. तेव्हापासून बाबा घरी आले की आपल्याच हातांकडे बघत बसायचे.

मुलांचा पहिला संशय रेल्वेवर होता. दोन दिवस त्यांनी गाड्या मोजल्या, पण गाडी जातानाही पट्टी चांगली निघे. तिसऱ्या दिवशी दिव्याने ग्राइंडरशेजारी पाण्याची वाटी ठेवली होती. मधेच त्या पाण्यावर दाट, बारीक वर्तुळं थरथरू लागली आणि पाचेक मिनिटांनी आपोआप थांबली. त्याच वेळी मागच्या बाजूला कंप्रेसरचा आवाज बंद झाला, हे अजिंक्यच्या कानांनी टिपलं.

कंप्रेसर म्हणजे हवा दाबून भरणारं यंत्र. टाकीतली हवा कमी झाली की ते सुरू होतं, भरली की थांबतं. पण ते होतं शेडच्या पार दुसऱ्या टोकाला. मैत्रीने भीतभीत कोंडाजींना विचारलं, तर ते हसले.

"हात लावून बघ की. तसूभर तरी हलतोय का? पूर्वी रबरावर नुसता नाचायचा. मीच रबर काढून थेट जमिनीत बोल्ट मारले, होळीच्या सुट्टीत."

मैत्रीने हात लावला. कंप्रेसर खरंच जागचा हलत नव्हता. पण 'होळी' हा शब्द तिच्या डोक्यात अडकून बसला.

म्हणून आज हा पहारा होता. कंप्रेसर सुरू झाला की अजिंक्य रुमाल दाखवी आणि दिव्या वेळ टिपून घेई. कोंडाजींनी हे काय चाललंय म्हणून हटकलं, तेव्हा अजिंक्यने शाळेचा सुट्टीतला प्रकल्प असल्याचं सांगितलं. ते वैतागून चहाला गेले. दुपारपर्यंत तेवीस पट्ट्या झाल्या. नऊंवर लाटा होत्या. त्या नऊच्या नऊ पट्ट्या कंप्रेसर चालू असताना घासलेल्या होत्या.

वही घेऊन तिघं थेट मालकांकडे, उद्धवरावांकडे गेले. त्यांनी वही दोनदा वाचली आणि बोल्ट काढायला लावले. खाली जुन्या टायरचे तुकडे घातल्यावर कंप्रेसर डुलत डुलत चालू लागला. इकडे वाटीतलं पाणी मात्र आरशासारखं स्थिर राहिलं.

"म्हणजे आधी त्याचं हलणं थांबलं नव्हतंच," मैत्री म्हणाली. "बोल्टमधून ते जमिनीत जात होतं आणि जमिनीतून बाबांच्या ग्राइंडरमध्ये. आता रबर ते सोसतंय."

कोंडाजी मान खाली घालून उभे राहिले. बाबांनी एक पट्टी घासली, पुसली आणि मैत्रीसमोर धरली. तीत तिचा चेहरा लख्ख दिसला. उद्धवरावांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. इंजिनिअरांनाही जमलं नसतं ते पोरांनी केलं, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. 'ऑपरेटरची चूक' लिहिलेला कागदही त्यांनी फाडून टाकला.

"मग आता माल परत येणार नाही ना?" मैत्रीने विचारलं.

उद्धवराव खुर्चीत बसले. "बाळा, ऑर्डर बुधवारीच गेली. चाकणवाल्यांनी दुसऱ्याला दिली. ग्राइंडरचाही सौदा झालाय, सोमवारी ट्रक येईल. तुम्ही इतका जीव तोडून शोधत होता, माझ्याच्यानं सांगवलं नाही."

दिव्याने वही मिटली.

पुढचे दोन दिवस मैत्री घरात कुणाशी धड बोलली नाही. आपण आठवडाभर आधी वाटी ठेवली असती तर, एवढंच तिच्या मनात घोळत होतं. बाबा मात्र रात्री शांत झोपत होते. त्यांना दुसरं काम मिळालेलं नव्हतं. मिळालंच तर चाकणला, तेही तीन महिन्यांच्या करारावर, हे त्यांना ठाऊक होतं.

सोमवारी क्रेनने ग्राइंडर ट्रकवर चढवला. बाबांनी तो आदल्या दिवशीच पुसून, तेल लावून ठेवला होता. नेणाऱ्या माणसाला ते समजावू लागले, की खाली रबर घाला, कंप्रेसरपासून लांब ठेवा. तो फोनवर होता. त्याने नुसती मान हलवली.

बाबांनी मैत्रीकडे कागद आणि पेन दिलं. "तूच लिही. तुझं अक्षर चांगलं हाय. जो कुणी चालवंल, त्यानं त्याच्या हातांना दोष देऊ नये."

मैत्रीने मोठ्या अक्षरांत लिहिलं. अजिंक्यने तिला ट्रकवर चढायला हात दिला, आणि तिने तो कागद ग्राइंडरच्या बटणांशेजारी, कुणालाही पहिल्यांदा दिसेल असा, चारी बाजूंनी घट्ट चिकटवला.